संपर्क तुटला नव्हता

ब्रेकबाई रुग्णालयाच्या आमच्या दंतविभागात पहिल्यांदा आल्या त्या तोंडावर रुमाल धरून, आणि रुमालाआडूनच त्यांनी दारावरच्या माणसाला झापलं. त्यांचा नंबर तिसरा होता आणि त्याने पाचव्याला आत सोडलं होतं. शब्द नीट कळत नव्हते, पण कुणाचं चुकलंय ते सगळ्या रांगेला कळलं.

त्यांचं खरं नाव फाईलवर होतं. ते बाहेर कुणी वापरत नसे. शहराच्या बससेवेत नव्याने लागलेल्या चालकांना त्या बावीस वर्षं बस चालवायला शिकवत होत्या. शिकाऊ चालकाच्या शेजारी बसून त्या "ब्रेक!" म्हणून ओरडल्या की पलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवालासुद्धा पाय टेकायचा, म्हणून ब्रेकबाई. एके दिवशी एका शिकाऊने घाबरून ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबलं. बस डेपोच्या भिंतीवर गेली आणि बाईंचं तोंड समोरच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. वरचे पुढचे चार दात गेले. दात ज्यात रुतून बसतात ते हाडही गेलं. जखम भरली तेव्हा तिथे नुसता खळगा उरला होता, आणि त्यावर ताणून बसवल्यासारखी हिरडी.

"कवळी लावून पाहिलीत?" मी विचारलं. मी तेव्हा पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होते. रुग्णांची पहिली चौकशी माझ्याकडे असायची.

"पाहिली तर! तीन महिने. खाली हाडच नाही, धरणार कशाला? एकदा चौकात ब्रेक म्हणून ओरडले तर ती उडून स्टिअरिंगवर. गाडी थांबली, पण ती हसण्याने."

सोबत त्यांच्या सासूबाई आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ, मांडीवर पर्स घट्ट धरून. "मी चौतीस वर्षं कवळीच लावतेय," त्या म्हणाल्या. "काय बिघडलं माझं?" आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांची खालची कवळी सरकली. त्यांनी ती जिभेने जागेवर बसवली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने खिडकीकडे पाहिलं.

ब्रेकबाई माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा शब्द कोणता माहितेय? ब्रेक नाही. सावकाश. आणि तोच माझ्या तोंडातून निघत नाही. स म्हणायला गेले की शिट्टी वाजते. पोरं मागच्या सीटवर माझी नक्कल करतात. मला दात शोभेला नकोत. मला काम करायचंय."

आमच्या विभागात तेव्हा ज्या संशोधनावर सगळ्यांचे डोळे होते ते नेमकं हेच होतं. गेलेलं हाड पुन्हा उगवून आणायचं. रुग्णाच्या जबड्याचा स्कॅन काढून, त्या खळग्यात चपखल बसेल असा एक जाळीदार साचा बनवायचा. साचा हाडात असतात त्याच क्षारांचा. त्यात हाड बनवणाऱ्या पेशींना बोलावून आणणारं एक प्रथिन भरायचं, वर पातळ पडदा टाकायचा, आणि हिरडी ओढून टाके घालायचे. सहा महिन्यांत साचा विरघळत जातो आणि त्याच्या जागी त्या माणसाचं स्वतःचं हाड येतं. मग त्यात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात.

मी हे सगळं बाईंना समजावलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. "म्हणजे आधी परांची बांधायची, मग आतून भिंत उभी राहणार, आणि परांची आपोआप नाहीशी होणार."

"अगदी बरोबर."

"चांगलंय की. आमच्या डेपोसमोरची परांची सहा वर्षं हललेली नाही."

त्या आमच्या अभ्यासातल्या चोवीस जणांपैकी सतराव्या झाल्या.

हा अभ्यास आमच्या विभागप्रमुखांचा. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. चौदा वर्षं त्यांनी त्या साच्यावर घालवली होती. हात असा की टाका घालताना बघत राहावं. माझा प्रबंध त्यांच्याच हाताखाली चालला होता आणि माझ्या वर्गातले सगळे माझा हेवा करत.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी मदतीला होते. हिरडीची जाडी पाहायची आमची एक साधी रीत आहे. हिरडी आणि दाताच्या मधल्या फटीत बोथट सळई हलकेच सरकवायची. सळई हिरडीतून आरपार दिसली तर हिरडी पातळ. बाईंच्या खळग्याशेजारच्या दाताला मी सळई लावली आणि ती काचेआडून दिसावी तशी दिसली. मी तसं कागदावर लिहिलं आणि सरांना म्हणाले, "सर, हिरडी फार पातळ आहे. ताण पडेल."

"पुरेल," सर म्हणाले. "खालून थोडी मोकळी करून घे." आणि त्यांनी ती इतक्या सफाईने ओढून शिवली की मलाच माझी शंका बावळट वाटली.

नवव्या दिवशी सकाळी विभागात फोन आला. मी उचलला.

"डॉक्टर, टाक्यांच्या मधे पांढरं काहीतरी दिसतंय. तांदळाच्या दाण्याएवढं."

मी सरांना विचारायला गेले. ते कुठल्याशा परिषदेच्या तयारीत होते. मान वर न करता म्हणाले, "होतं तसं. गुळण्या वाढवायला सांग." मी फोनवर येऊन सांगितलं, "होतं तसं. गुळण्या वाढवा."

तिसऱ्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा टाके फाकले होते आणि आतला पडदा उघडा पडला होता. औषधं दिली, धुतलं, पुन्हा शिवलं. काही उपयोग झाला नाही. सातव्या आठवड्यात सरांनी सगळा साचा काढून टाकला. चिमट्यात धरलेले त्याचे तुकडे मी ट्रेमध्ये घेतले. जंतूंनी पोखरून पिवळे पडलेले. खळगा पहिल्यापेक्षा खोल झाला होता.

बाईंना खुर्चीत सरळ बसवून सर म्हणाले, "तुमचं काम धक्क्याचं आहे. ओरडण्याचं. तिथे काळजी कमी पडली. आमच्याकडून जे करायचं ते आम्ही केलं."

बाईंच्या तोंडात बोळा होता. त्यांनी तो स्वतःच काढला. "सात आठवडे मी रजेवर आहे. बसमध्ये पाय ठेवलेला नाही. घरात कुणावर ओरडले का, ते सासूबाईंना विचारा."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "एकदाही नाही," त्या म्हणाल्या. "इतकी गप्प होती की मलाच काळजी वाटायला लागली."

सर हसले आणि निघून गेले.

त्यानंतर जे झालं त्यात माझा हात आहे, म्हणून ते मी सरळच सांगते. अभ्यासाचा निकाल मांडायचा तक्ता भरायची वेळ आली. सरांनी माझ्यासमोर चार फाईली ठेवल्या. त्या चौघांचाही साचा टिकला नव्हता. सर म्हणाले, "या चौघांच्या पुढच्या तारखा काढून टाक. आणि रकान्यात लिही, संपर्क तुटला."

कुठल्याही अभ्यासात काही माणसं गळतात. गाव सोडतात, कंटाळतात, फोन उचलत नाहीत. त्यांना निकालात धरत नाहीत. चौघांना तसं गाळलं की उरले वीस, आणि वीसच्या वीस यशस्वी. मी पेन हातात घेऊन बराच वेळ बसले, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी चारही ठिकाणी लिहिलं आणि जेवायला गेले.

पण ब्रेकबाई यायच्या थांबल्या नाहीत. दर महिन्याला, ठरल्या तारखेला, दहा वाजता हजर. खिडकीवरची बाई सांगायची, "तुमची तारीख दिसत नाही." त्या म्हणायच्या, "मला दिसतेय, माझ्या कार्डावर आहे," आणि बाकावर बसायच्या. मी कधी मागच्या दाराने निघून जायचे, कधी "सर नाहीत" असं सांगायचे. चौथ्या खेपेला त्या बाकावर बसल्या नाहीत. थेट माझ्या टेबलासमोर आल्या.

"मला माझी फाईल बघायची आहे. संमतीपत्रावर सही करताना तुम्हीच वाचून दाखवलं होतंत, रुग्णाला स्वतःची फाईल बघायचा हक्क आहे म्हणून."

मी वाचून दाखवलं होतं खरं. मी फाईल काढून दिली. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेल्या. शेवटच्या पानावर बोट थांबलं.

"डॉक्टर, मी आत्ता कुठे बसलेय?"

"इथे," मी म्हणाले.

"इथे म्हणजे कुठे?"

"माझ्यासमोर."

"मग हा संपर्क कुणाचा तुटलाय?"

त्या चिडल्या नव्हत्या, हेच वाईट होतं. त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढली. बसच्या रोजच्या नोंदींसाठी डेपोत असते तसली, रेघा आखलेली. त्यात शस्त्रक्रियेच्या दिवसापासून प्रत्येक दिवस लिहिलेला होता. काय खाल्लं, किती वेळा गुळण्या, दुखलं किती, ताप किती. त्यांनी एक पान उघडून माझ्याकडे फिरवलं. "नववा दिवस. सकाळी सात. टाक्यांत पांढरा ठिपका, तांदळाएवढा. साडेनऊला फोन. डॉक्टर म्हणाल्या होतं तसं."

फाईलमध्ये नवव्या दिवसाची नोंदच नव्हती. तिथला त्रास विसाव्या दिवशी सुरू होत होता.

"शिकाऊ चालक बस ठोकतो ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी त्याच्याकडून आधी लिहून घेते. पाय कुठे होता, नजर कुठे होती, वेग किती. रडणं नंतर. ज्याने खोटं लिहिलं त्याला मी पुन्हा बसमध्ये बसवत नाही. कारण तो पुन्हा ठोकणार. तुमच्याकडे काय करतात?"

"बाई, मी..."

"असे अजून किती हरवलेत?"

"ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्या रुग्णांची माहिती आहे ती."

"मला नका सांगू. पण तुम्हाला तर त्यांना फोन करता येतो ना?"

त्या गेल्यावर मी तीन फाईली काढल्या आणि फोन केले. पहिला नंबर एका शिंप्याचा. दुसऱ्याच घंटीला त्याने उचलला. "अहो, तुमच्याच फोनची वाट बघतोय! बोलवू म्हणाला होतात." दुसरी एका शाळेत खेळ शिकवणारी बाई. तिचं घर तेच, नंबर तोच. तिसरे एक निवृत्त पोस्टमन. ते म्हणाले, "मी आयुष्यभर लोकांचे पत्ते शोधले, आणि माझाच पत्ता तुम्हाला सापडला नाही?" त्यांनी ते हसत म्हटलं. मला मात्र खुर्चीत बसवेना.

मग मी एक काम केलं जे खरं तर तक्ता भरायच्या आधी करायला हवं होतं. चोवीसही जणांची शस्त्रक्रियेपूर्वीची पानं टेबलावर पसरली आणि प्रत्येकाच्या हिरडीची नोंद पाहिली. ज्यांचा साचा फसला त्या चौघांपुढेही माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, सळई आरपार दिसते. उरलेल्या विसांपैकी असं फक्त दोघांच्या पानावर होतं.

म्हणजे धक्के नव्हते, ओरडणं नव्हतं. पातळ हिरडी ताणून शिवली की तिला रक्त पुरत नाही, ती फाकते, आणि फटीतून जंतू आत शिरतात. उत्तर आमच्याच कपाटात होतं. ते ज्या चार फाईलींत होतं, नेमक्या त्याच आम्ही बंद केल्या होत्या.

मी तो कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी तो वाचला नाही. बाजूला ठेवला.

"पुढच्या टप्प्यात साठ रुग्ण आहेत," ते म्हणाले. "त्यातल्या पन्नास जणांना दात मिळतील. चार जणांसाठी त्यांना ताटकळत ठेवायचं?"

"सर, साठांमध्ये पातळ हिरडीवाले पंधरा निघाले तर?"

"हाड उगवतं. तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंयस."

"हो सर. विसांमध्ये पाहिलंय. चौघांमध्ये नाही उगवलं, तेही पाहिलंय. ते तुकडे माझ्याच हातातल्या ट्रेमध्ये होते."

ते खुर्चीत मागे रेलले. त्यांचा आवाज चढला नाही. "तुझ्या प्रबंधावर माझी सही लागते, हे लक्षात आहे ना?"

मला एकदम मोकळं वाटलं, घट्ट बूट काढल्यासारखं.

"नका करू सही, सर," मी म्हणाले, आणि माझा कागद उचलून बाहेर आले.

त्याच दुपारी मी रुग्णालयाच्या नैतिकता समितीला पत्र लिहिलं. माणसांवर होणाऱ्या प्रत्येक अभ्यासाला या समितीची परवानगी लागते. सरांच्या दुसऱ्या टप्प्याचा अर्जही तिच्यापुढेच होता. पत्राची पहिली ओळ मी तीनदा खोडली आणि शेवटी एवढंच ठेवलं: या अभ्यासातल्या चार खोट्या नोंदी माझ्या हातच्या आहेत.

समितीने बैठक बोलावली आणि चौघा रुग्णांनाही कळवलं, यायचं असेल तर या. बैठकीच्या दिवशी सकाळी रुग्णालयाच्या फाटकातून एक जुनी बस आत आली. मागे पुढे "शिकाऊ" अशी पाटी. स्टिअरिंगवर ब्रेकबाई. डेपोच्या व्यवस्थापकाला त्यांनी सांगितलं होतं, अरुंद फाटकातून बस काढायचा सराव करायचाय. मागे शिंपी, खेळाच्या बाई, पोस्टमनकाका आणि सासूबाई. सासूबाई का, असं कुणी विचारलं तर त्या म्हणाल्या, "साक्षीला."

खोली लहान होती. लांब टेबल, पाच माणसं. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या उजवीकडे एक ग्रंथपाल बाई, डॉक्टरी न शिकलेल्या सामान्य माणसाच्या वतीने नेमलेल्या. सर पडद्यावर चित्रं दाखवत होते. विसांची हाडं, आधीची आणि नंतरची. खरंच सुंदर होती ती. शेवटी तक्ता आला.

"चार रुग्णांशी संपर्क तुटला," सर म्हणाले.

"त्यातली एक बोलू का?" मागून आवाज आला.

न्यायाधीशांनी मान हलवली. ब्रेकबाई उठल्या, टेबलापर्यंत गेल्या, आणि वरचा ओठ बोटांनी उचलून धरला. रुमाल नव्हता. एकेका सभासदासमोर थांबून त्यांनी तोंड दाखवलं, तिकीट तपासनीस एकेका सीटपाशी थांबतो तसं. एकाने नजर खाली वळवली. बाई तो वर बघेपर्यंत थांबल्या.

मग त्या बोलल्या. प्रत्येक स वर शिट्टी वाजत होती आणि त्या एकही स गाळत नव्हत्या. "सतरा नंबर मी. सात आठवडे साचा, त्यानंतर सहा महिने विभागातल्या बाकावर. एकही तारीख चुकवलेली नाही. ही माझी वही. ही त्यांची फाईल. दोन्ही शेजारी ठेवा."

"बाईंचं दुःख मी समजू शकतो," सर म्हणाले. "पण विज्ञान भावनांवर चालत नाही."

"भावना कुठे आल्या?" बाई म्हणाल्या. "मी तारखा सांगतेय."

मागे सासूबाई मोठ्याने "हं!" म्हणाल्या. न्यायाधीशांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांना गप्प बसवलं नाही.

ग्रंथपाल बाईंनी वही आणि फाईल खरोखरच शेजारी ठेवली. दोन्हींची पानं उलटत गेल्या. मग माझ्याकडे वळल्या. "नवव्या दिवशीचा फोन कुणी घेतला?"

"मी."

"फाईलमध्ये का नाही?"

"मी लिहिला नाही. आधी विसरले म्हणून. नंतर मुद्दाम."

"आणि संपर्क तुटला हे?"

"तेही माझंच अक्षर आहे. सरांनी सांगितलं होतं, पण हात माझा होता."

मी माझा कागद पुढे केला, चोवीस जणांच्या हिरड्यांचा. फसलेल्यांत चारपैकी चार, यशस्वींत विसांपैकी दोन. न्यायाधीशांनी तो पाहिला आणि सरांकडे सरकवला. "हे तुम्हाला माहीत होतं?"

सरांनी कागद हातात घेतला. या वेळी वाचला. उभ्याउभ्याच, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मग पुन्हा वरपासून. मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं काढली होती. त्यांचा तो चेहरा मला ठाऊक होता. सूक्ष्मदर्शकाखाली काहीतरी नवं दिसलं की होतो तो. खोलीत आणखी माणसं आहेत हे ते विसरले असावेत.

"आधी हिरडी," ते स्वतःशीच म्हणाले. "आधी हिरडी जाड करायला हवी होती. मग हाड."

"तेच म्हणत होते मी," ब्रेकबाई म्हणाल्या. त्या काही तसं म्हणत नव्हत्या, पण कुणी हरकत घेतली नाही.

दुसरा टप्पा थांबला. तक्ता नव्याने लिहिला गेला आणि तो सगळ्यांना पाठवला गेला, चोवीसपैकी वीस, चार अयशस्वी. अभ्यासाचं प्रमुखपद सरांकडून काढून दुसऱ्या रुग्णालयातल्या एका बाईंकडे दिलं. सर विभागात राहिले, पण शस्त्रक्रियेपुरते. माझा प्रबंध नव्या मार्गदर्शकांकडे गेला आणि दीड वर्ष लांबला. समितीने माझ्याही नावापुढे लेखी ताकीद नोंदवली, ती अजून आहे. विभागातल्या काहींनी माझ्याशी बोलणं सोडलं. जेवणाच्या टेबलावर मी बसले की दोघं जण नेमाने उठायचे. मी डबा आणखी सावकाश खायचे.

नव्या पद्धतीत टाळूच्या कडेचा एक तुकडा घेऊन आधी हिरडी जाड करायची, तीन महिने थांबायचं, आणि मगच साचा ठेवायचा असं ठरलं. पहिला रुग्ण कोण, हा प्रश्न आला तेव्हा ब्रेकबाई दारात उभ्याच होत्या.

घरातून विरोध झाला. त्यांचे यजमान विभागात आले. बोलण्यात मवाळ, घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ. "एकदा झालं ते पुरे नाही का? पुन्हा कशाला जीवाला घोर?"

"माझ्या तोंडात यांनी खड्डा करून ठेवलाय," बाई म्हणाल्या. "तो भरल्याशिवाय मी सोडणार नाही यांना. आणि शस्त्रक्रिया सरांनीच करायची."

नव्या प्रमुख बाईसुद्धा चमकल्या. "सरांनीच? का?"

"हात त्यांचाच चांगला आहे. आणि टाका घालताना त्यांना माझ्या डोळ्यांत बघावं लागेल. भूल फक्त हिरडीला द्यायची. मी जागी राहणार."

सरांना कळवलं. तिसऱ्या दिवशी ते हो म्हणाले. त्यांनी बाईंची माफी मागितली की नाही, मला माहीत नाही. माझ्यासमोर तरी नाही मागितली. पण हिरडी जाड करून तीन महिने झाल्यावर, साचा ठेवायच्या दिवशी, त्यांनी सळई स्वतः लावली आणि मोठ्याने म्हणाले, "दिसत नाही. जाड आहे. लिहा." मी लिहिलं. बाईंनी खुर्चीत पडल्यापडल्या हात पुढे केला आणि मी लिहिलेलं स्वतः वाचून पाहिलं, मग तोंड उघडलं.

या वेळी टाके फाकले नाहीत. सहा महिन्यांनी आम्ही नव्या हाडातून काडीएवढा तुकडा काढला आणि मी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बाईंना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून डोळा लावला.

"या गुलाबी पट्ट्या काय?"

"तुमचं हाड. नवं."

"आणि हे मधे मधे ठिपके?"

"पेशी. जिवंत."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. बाजूला झाल्या तेव्हा डोळे पुसले नाहीत, नुसता चष्मा खाली घेतला. "डावीकडे कमी आहे," त्या म्हणाल्या. खरं होतं. डावीकडच्या टोकाला हाड अपेक्षेच्या दोन तृतीयांशच आलं होतं. तीनऐवजी दोनच स्क्रू बसले. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि मलाही फाईलमध्ये लिहायला लावलं.

दात बनवायची वेळ आली तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने रंगांची पट्टी आणि नमुन्याचे चार दात पुढे ठेवले. एका रेषेत, मोत्यासारखे. इतकी वर्षं तो हेच करत होता आणि लोक ते बघून खूश व्हायचे. ब्रेकबाईंनी पिशवीतून एक फोटो काढला. लग्नाआधीचा असावा. चाकामागे बसलेली एक तरुण मुलगी तोंडभर हसतेय आणि पुढचा एक दात शेजारच्यावर चांगलाच चढलाय.

"असा करा," त्या म्हणाल्या.

तंत्रज्ञ हसला. "ताई, लोक हा सरळ करून घ्यायला येतात."

"येऊ देत."

"वाकडा दात मुद्दाम करायचा? मला कुणी सांगितलेलं नाही आजवर."

"आता सांगितलं. आणि इतका पांढराही नको. मी चहा पिते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तो फोटो घेऊन खिडकीपाशी गेला, उजेडात धरला, आणि दात किती अंशांनी वळलाय ते मोजायला लागला.